एका दिवसाचा ताळेबंद

व्यापारी घराला सुट्टी मोजून मिळते. दिवाळीत वहीपूजन आटोपल्यानंतरचे चार दिवस, मुलांच्या परीक्षा संपल्यावरचा मे महिन्यातील एखादा आठवडा आणि वर्षाकाठी एखादी तीर्थयात्रा. दुकानाचे शटर खाली येण्याची निमित्ते एवढीच. त्यामुळे अशा घरातून सहल निघते, तेव्हा एका दिवसात दोन दिवसांचे पाहून घ्यावे, ही इच्छा स्वाभाविक असते. मुलांना पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतात. आजी-आजोबांना नातवंडांना हत्ती-सिंह दाखवायचे असतात. दोन्ही गोष्टी एकाच गावात असल्या की बेत ठरायला वेळ लागत नाही: सकाळी प्राणिसंग्रहालय, दुपारी मनोरंजन उद्यान. बेत उत्तम आहे. मात्र तो नीट आखला नाही, तर संध्याकाळी मुले रडवेली, वडीलधारी थकलेली आणि घरातील सुना मुक्याने थैल्या उचलणाऱ्या, असे चित्र हमखास दिसते.

दक्षिण महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील जैन कुटुंबांना असा दिवस घालवण्यासाठी सर्वांत सोयीचे गाव म्हणजे म्हैसूर. श्रवणबेळगोळची यात्रा करून पुढे निघालेली मंडळी सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरवरील म्हैसुरात एखादा मुक्काम करतातच. तेथील श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय शहराच्या वस्तीतच, राजवाड्यापासून जवळ आहे. जीआरएस फँटसी पार्क हे मनोरंजन उद्यान कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेटगळ्ळी भागात आहे. दोहोंमधील अंतर सात-आठ किलोमीटरांचे. नकाशावर पाहिले तर हा दिवस सहज बसतो; प्रत्यक्षात तो बसवावा लागतो.

वसुलीचा मोह

तिकीट हाती आले की व्यापारी मनाला एक शब्द लगेच सुचतो: वसूल. मनोरंजन उद्यानाचे तिकीट दिवसभराचे असते. मग तीन तासांतच बाहेर पडणे म्हणजे अर्धे पैसे सोडून देणे, असे वाटू लागते. प्राणिसंग्रहालयातही हेच घडते. एवढ्या लांबून आलो, तर शेवटचा पिंजरा पाहिल्याशिवाय कसे परतायचे?

खरे पाहता दुकानदारीचा अनुभव याच्या उलट शिकवतो. हंगाम उलटलेल्या मालाची खरेदीची किंमत मनात धरून बसणारा दुकानदार जागा अडवून ठेवतो आणि तोटा वाढवतो. जाणता व्यापारी गेलेल्या पैशाकडे पाहत नाही, हाती उरलेल्या भांडवलाकडे पाहतो. सहलीच्या दिवशी तिकिटाचे पैसे फाटकावरच खर्ची पडलेले असतात. ते गल्ल्यात परत येणार नाहीत. हाती भांडवल उरते ते तासांचे आणि पायांचे, आणि हिशेब मांडायचा तो त्याचाच.

हा हिशेब फार अवघड नाही. प्राणिसंग्रहालय सकाळी साडेआठला उघडते. दिवाळीच्या सुट्टीत म्हैसुरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम आहे, त्यांच्या दृष्टीने दिवसाची ही हद्द पक्की आहे. म्हणजे हाती साडेनऊ तास आले. त्यांतून दुपारच्या जेवणाचा एक तास, येण्याजाण्याचा एक तास, मुक्कामी पोहोचून हातपाय धुऊन संध्याकाळचे जेवण होईपर्यंतचा एक तास आणि रांगा, वाहनतळ व तपासणी यांचा अर्धा तास वजा केला, की सहा तास उरतात. तीन तास प्राण्यांना, तीन तास खेळांना. यापेक्षा अधिक मागितले, तर ते कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागते. मे महिन्यात सूर्यास्त अर्ध्या-पाऊण तासाने पुढे जातो. पण दुपारचे ऊन तेवढाच वेळ परत घेते.

आधी वार, मग तिथी, मग तिकीट

म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते. ही एक गोष्ट न पाहता निघालेली कुटुंबे फाटकावरून परत फिरतात आणि मग सगळा दिवस घसरगुंड्यांवर काढतात. रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ एक लाख दिव्यांची रोषणाई होते, म्हणून रविवारचा मोह होतो. परंतु त्याच दिवशी प्राणिसंग्रहालयातही सर्वाधिक गर्दी असते. मुक्काम काही रात्रींचा असेल, तर रविवारी राजवाडा आणि रोषणाई, व नंतरच्या बुधवार-गुरुवारसारख्या दिवशी ही जोडसहल, किंवा शुक्रवारी जोडसहल आणि रविवारी राजवाडा, अशी विभागणी करून पाहावी. मध्ये मोकळा राहणारा दिवस श्रवणबेळगोळला देता येतो.

वार ठरला की तिथी पाहावी. अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरात कुणाचा उपवास किंवा एकासन असते, तेथे तो दिवस चालण्याचा आणि उन्हाचा धरू नये. उपवास करणारी व्यक्ती तक्रार करत नाही, म्हणून तिचा त्रास हिशेबात धरायचा नाही, असे होऊ नये.

आणखी एक क्रम सांभाळावा लागतो. श्रवणबेळगोळला विंध्यगिरी चढताना खडकात कोरलेल्या सहाशेंहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या-उतराव्या लागतात. दगड तापण्यापूर्वी, सकाळी लवकर दर्शन घेतले तरी गुडघ्यांना त्याची जाणीव दुसऱ्या दिवशी होते. पर्वताच्या दुसऱ्याच सकाळी प्राणिसंग्रहालयाची चाल लावली, तर साठीच्या पुढची मंडळी पहिल्या तासातच बाक शोधू लागतात. दोहोंमध्ये अर्ध्या-एका दिवसाची विश्रांती ठेवावी, किंवा सहल आधी आणि यात्रा शेवटी ठेवावी. यात्रेने प्रवासाची सांगता झाली, तर मनालाही ते अधिक रुचते.

सकाळ प्राण्यांची

दोन ठिकाणांपैकी आधी कोणते, हा प्रश्नच उद्भवू नये. सकाळी हवा थंड असते आणि प्राणी हालचाल करत असतात. ऊन चढले की वाघ-सिंह सावलीत आडवे होतात आणि मुलांना नुसती पाठ दिसते. शिवाय मनोरंजन उद्यान साडेदहाच्या सुमारास उघडते. आधी तेथे गेल्यास सकाळचे दोन तास हकनाक वाया जातात. पाण्यात भिजलेली मुले दुपारी पिंजऱ्यांसमोर उभी करणे तर कुणालाच मानवत नाही.

हे प्राणिसंग्रहालय १८९२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांनी राजघराण्याच्या हौसेखातर उभारले. भारतातील जुन्या प्राणिसंग्रहालयांत त्याची गणना होते. आरंभी दहा एकरांत असलेली ही जागा पुढे कित्येक पटींनी वाढली. आत फिरण्याचा मार्ग तीन किलोमीटरांहून अधिक आहे. मुलांच्या धावपळीत तो लक्षात येत नाही, आजोबांच्या लक्षात येतो. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. त्यांची चौकशी आत शिरतानाच करावी, कारण मार्गाच्या मध्यावर थकल्यावर गाडी शोधणे कठीण जाते. जिराफ, गवा, गेंडा, आफ्रिकी हत्ती असे बरेच काही येथे आहे. २०१४ साली येथील पोलो हा गोरिला मरण पावला, तेव्हा देशात दुसरा गोरिला नव्हता. २०२१ साली जर्मनीहून दोन तरुण गोरिला येथे आणले गेले. मुलांना आधी एवढी कथा सांगून ठेवली, तर ती त्या कुंपणापाशी आपोआप थांबतात. प्रत्येक मुलाने आदल्या रात्री दोन-दोन प्राणी निवडावेत आणि त्यांच्यापाशी निवांत थांबावे. बाकीचे जाता-जाता दिसले तर दिसले. सगळे पाहण्याच्या घाईत काहीच न पाहिल्यासारखे होते.

प्लॅस्टिकबाबत येथे कडक शिस्त आहे. घरून उकळून-गाळून आणलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांतून नेणाऱ्या कुटुंबांना या शिस्तीचा त्रास होत नाही. आपली जुनी सवय येथे आपोआप नियमात बसते.

प्राण्यांना काही खाऊ घालण्याचा मोह मात्र जाणीवपूर्वक आवरावा लागतो. कबुतरांना दाणे आणि गाईला घास देत वाढलेल्या मुलाला माकडासमोर केळे धरणे म्हणजे दयाच वाटते. परंतु तेथील प्रत्येक प्राण्याचा आहार पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरलेला असतो. बाहेरचा घास त्याला आजारी पाडतो, आणि घासाबरोबर गेलेली पिशवी तर जिवावरही बेतू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे यांस स्पष्ट मनाई आहे. येथे हात आखडता घेणे, हीच दया ठरते, हे मुलांना फाटकाबाहेरच समजावून सांगावे.

काही घरांत याहून मोठा प्रश्न विचारला जातो. जीवदया मानणाऱ्यांनी बंदिस्त प्राणी पाहायला जावेच का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पिंजऱ्यात एकाच वाटेने येरझारा घालणारा प्राणी पाहून मूल गप्प झाले, तर त्याला ओढून पुढे नेऊ नये. ती अस्वस्थता योग्य आहे. त्याच वेळी त्याला दुसरी बाजूही सांगावी. एके काळी सर्कशीत वाघ, सिंह, अस्वले यांच्याकडून खेळ करवून घेतले जात. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने ते बंद झाले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. सर्कशीतून सुटलेल्या प्राण्यांना जंगलात सोडता येत नाही, कारण शिकार करणे त्यांना ठाऊकच नसते. अशा प्राण्यांना कुठे तरी आसरा द्यावा लागतो. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचे कूरगळ्ळी येथे असे बचाव केंद्र आहे. शिवाय प्राणी दत्तक घेण्याची योजनाही येथे अनेक वर्षे चालू आहे. तीत ठरावीक काळापुरता एखाद्या प्राण्याच्या खाण्यापिण्याचा खर्च कुटुंबाला उचलता येतो. एखाद्या लहान पक्ष्याचा वर्षाचा खर्च मोठ्या प्राण्याच्या मानाने फारच थोडा असतो. वाढदिवसाला भेटवस्तूंवर होणारा खर्च अशा ठिकाणी वळवावा, हे मुलाने स्वतः सुचवले, तर त्या सकाळचे सार्थक झाले असे समजावे.

मधला तास

साडेअकराच्या सुमारास, अजून थोडे पाहायचे राहिले असतानाच बाहेर पडावे. बहुतेक मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. त्यामुळे डबा नेला असेल, तर तो दोन ठिकाणांच्या मधल्या तासातच संपवावा. दशम्या, खाकरे, मेथीचे ठेपले, सुकी चटणी आणि फळे हा बेत उन्हातही टिकतो.

हॉटेलात जेवायचे असेल, तर आदल्या संध्याकाळीच चौकशी करून ठेवावी. म्हैसूर मसाला डोसा नावाजलेला असला, तरी त्याच्या पोटात बटाट्याची भाजी आणि लाल चटणीत बहुधा लसूण असतो. सांबारात कांदा असण्याचीच शक्यता अधिक. साधी इडली, खोबऱ्याची चटणी, दहीभात असे सांगून घेता येते. मात्र आंबवलेले पीठ ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते. भुकेलेली मुले घेऊन ऐन वेळी दारोदार विचारत फिरणे टाळण्यासाठी एक दूरध्वनी पुरेसा असतो.

दुकानाचे फोनही याच तासात करावेत. मुनीमजींना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, की दुपारी बारा ते एक या वेळेत बोलणे होईल, तोपर्यंत काही अडणार नाही. एक दिवस फोन बंद राहिला म्हणून पेढी बुडत नाही. वडील सकाळभर कानाला फोन लावून पिंजऱ्यांसमोरून चालत राहिले, हे मात्र मुलांच्या लक्षात राहते.

दुपार मुलांची

मनोरंजन उद्यानात प्रत्येक खेळासाठी उंचीची अट असते. फाटकाशी लावलेल्या मोजपट्टीखाली धाकट्याला उभे करून, थोरल्याच्या देखत त्याला परत पाठवले जाते, तेव्हा त्याच्या मनाला ते फार लागते. घरीच उंची मोजून, कोणते खेळ कुणासाठी हे आधीच सांगून ठेवावे. हृदयविकार, पाठीचे दुखणे, गरोदरपण असेल, तर वेगाच्या खेळांपासून लांबच राहावे. तेथील सूचनाफलक सजावटीसाठी लावलेले नसतात. जेवणानंतरचा पहिला अर्धा तास सावकाश फिरणाऱ्या खेळांना द्यावा, गरगर फिरणारे त्यानंतर घ्यावेत आणि पाणी सर्वांत शेवटी. पाण्यातून बाहेर आलेले मूल पुन्हा कोरड्या खेळांकडे वळवणे म्हणजे कपडे बदलण्याचे काम दुप्पट करणे.

पाण्याच्या खेळांसाठी कृत्रिम धाग्याचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती कपडे चालत नाहीत. ते घरून नेल्यास भाड्याच्या रांगेचा वेळ वाचतो. ज्यांना पाण्यात उतरण्याचा संकोच आहे, किंवा नियमामुळे जे उतरत नाहीत, त्यांना आग्रह करू नये. आणि साडेचारला निघायचे, हे आत शिरतानाच ठरवावे. मुलांना सांगताना घड्याळापेक्षा खेळांची संख्या सांगावी: आता आणखी दोन, मग बाहेर. संख्या मुले मान्य करतात, वेळेवर मात्र वाद घालतात.

आजी-आजोबांनी दुपारी आत यावेच असे नाही. सकाळ सर्वांनी एकत्र घालवल्यावर त्यांना मुक्कामी विश्रांतीसाठी सोडता येते. प्राणिसंग्रहालयाला लागूनच कारंजी तलावाचे निसर्गोद्यान आहे. उत्साह असेल, तर झाडांखाली शांतपणे बसायला ते चांगले. त्यांना सोबत नेऊन तीन तास एका बाकावर बसवणे, याला आदर म्हणता येणार नाही.

थैल्यांपाशी कोण?

या साऱ्या हिशेबात एक खाते बहुतेक वेळा मांडलेच जात नाही. सात-आठ जणांचे कुटुंब उद्यानात शिरते, सर्व जण पाळण्यांकडे धावतात आणि झाडाखाली थैल्या, चपला, चष्मे, फोन व कोरडे कपडे यांच्या ढिगाऱ्यापाशी एक व्यक्ती उरते. बहुधा ती घरातील सून असते. पहाटे सर्वांच्या आधी उठून डबा तिनेच केलेला असतो, प्राणिसंग्रहालयात धाकट्याला कडेवर तिनेच घेतलेले असते, आणि दुपारी तिच्या वाट्याला सामान येते. तिच्या तिकिटाचेही पूर्ण पैसे भरलेले असतात. वसुलीची एवढी चिंता करणाऱ्या घरात हे एक तिकीट मात्र दर वेळी बुडीत खात्यात जाते आणि त्याची कुणी विचारपूसही करत नाही.

यावर उपाय साधे आहेत. मौल्यवान वस्तू मुक्कामीच ठेवाव्यात. उद्यानात सामानाची कपाटे भाड्याने मिळत असतील, तर पहिले पैसे त्यावर खर्च करावेत. नसतील, तर थैल्यांपाशी बसण्याची पाळी लावावी, अर्ध्या-अर्ध्या तासाची, आणि पहिली पाळी घरातील कर्त्या पुरुषाने घ्यावी. त्याला बसलेले पाहिल्यावर इतरांना पाळी नाकारता येत नाही. प्रत्येक मुलाने आपला टॉवेल आणि कपडे आपल्या पाठीवरच्या पिशवीत बाळगावेत. पहाटेचा डबा जड वाटत असेल, तर एक वेळ बाहेर जेवावे किंवा आदल्या दिवशी सर्वांनी मिळून तयारी करावी. बेत आखतानाच प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या आवडीची एक गोष्ट लिहावी: आजोबांच्या नावापुढे हत्ती, थोरल्याच्या नावापुढे लाटांचा तलाव. सुनेचे नाव लिहिल्यावर लेखणी थांबली आणि तिला काय आवडते हे कुणालाच सांगता आले नाही, तर आधी तिला विचारावे आणि मगच तिकिटे काढावीत.

संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी सर्व जण पानावर बसले, की दिवसाचा ताळेबंद मांडायला वेळ मिळतो. तेव्हा किती खेळ झाले, किती पिंजरे राहिले, हे मोजू नये. प्रत्येकाला एवढेच विचारावे, की आज तुझ्यासाठी असे काय होते? मुले एका दमात पाच गोष्टी सांगतील. आजोबा हत्तीबद्दल बोलतील. आणि घरातील कुणी “मुलांना मजा आली ना, झाले तर मग” असे उत्तर दिले, तर त्या व्यक्तीचा हिशेब अजून बाकी आहे, असे समजावे. पुढच्या सुट्टीचा बेत तिच्या नावापासून सुरू करावा.